आज्ञेचं कारण

कानडी मुलखात जाऊ नका, तेलंगी मुलखात जाऊ नका, महाराष्ट्रात राहा. श्रीचक्रधरांनी तेराव्या शतकात आपल्या अनुयायांना घालून दिलेल्या नियमांपैकी हा एक. महानुभाव पंथाच्या सूत्रपाठात, म्हणजे चक्रधरांच्या वचनांच्या संग्रहात, तो नोंदलेला आहे आणि मराठीचा अभिमान बाळगणाऱ्यांचा तो लाडका संदर्भ आहे. भाषणांतून, गौरवग्रंथांतून तो इतक्यांदा येतो की चक्रधर हे मराठी अस्मितेचे आद्य पुरस्कर्ते, अशी समजूत घट्ट होऊन बसली आहे. पण पंथाच्या परंपरेप्रमाणे चक्रधर स्वतः गुजरातेतल्या भडोचचे. आणि या नियमाचं जे कारण पंथानं जपलं आहे, त्यात भाषेचा अभिमान कुठे नाही. त्या मुलखांत भोगाचे विषय फार आणि साधूला मान फार, असं ते कारण आहे. सगळं सोडून निघालेल्या माणसाला या दोन्ही गोष्टी घातक. महाराष्ट्र सात्त्विक, इथे राहिलं तर आचार टिकतो, असं भाष्यकारांचं म्हणणं.

आता पुढचा इतिहास पाहा. ज्या पंथाला महाराष्ट्र न सोडण्याची आज्ञा होती, तो पंथ काही शतकांत पंजाबात पोचला. तिथे ‘जयकृष्णी’ या नावानं तो रुजला, पेशावर आणि काबूलपर्यंत त्याचे मठ झाले. पंजाबी घरांतली मुलं मराठी शिकून चक्रधरांचं वचन मुळातून वाचू लागली. ही आज्ञा मोडली म्हणायची की पाळली? नकाशावर बोट ठेवून विचार केला तर मोडली. कानडी आणि तेलंगी या दोनच मुलखांचं नाव घेतलं होतं, पंजाबचं नव्हतं, असा कायदेपंडिताचा युक्तिवाद केला तर पाळली. मला या दोन्ही उत्तरांत रस नाही, कारण दोन्हींत आज्ञेचं कारण विचारातच घेतलेलं नाही. कारण लक्षात घेतलं तर प्रश्न असा होतो: पंजाबात गेलेल्या त्या साधूला मान मिळाला का, आणि मिळाल्यावर तो तिथेच रमला का? हाच प्रश्न मग महाराष्ट्रात राहिलेल्यालाही विचारावा लागतो. अमरावती जिल्ह्यात जन्मभर राहून, पाय धुऊन घेत, पालखीत बसून एखाद्यानं ती आज्ञा अक्षरशः पाळली असेल आणि तरी ती पूर्णपणे मोडली असेल.

गुरूच्या उपदेशातलं तत्त्व कोणतं आणि तपशील कोणता, हा वाद प्रत्येक संप्रदायात कधी ना कधी होतो. आपल्या काळात तर तो रोजचा आहे. जप पहाटेच करायचा का, कांदा-लसूण सुटलाच पाहिजे का, परदेशी नोकरी करणाऱ्यानं सोवळं कसं सांभाळायचं. यावर सुशिक्षित माणसाचं ठरलेलं उत्तर असतं: तपशील काळाचे असतात, तत्त्व कायमचं, तत्त्व घ्यावं, तपशील सोडावेत. हे उत्तर समंजस वाटतं. मला ते अपुरं वाटतं, आणि काही वेळा चक्क धोक्याचं वाटतं.

धोका कुठे आहे ते भिक्षेच्या नियमात दिसतं. चक्रधरांच्या साधूंनी भिक्षेवर जगायचं होतं आणि ती भिक्षा चारही वर्णांच्या घरून घ्यायची होती. वरवर पाहता हा तपशीलच आहे. कुठल्या दारात उभं राहायचं, झोळीत कुणाची भाकरी पडू द्यायची, एवढीच गोष्ट. यातलं ‘तत्त्व’ काढायचं म्हटलं तर ते ‘सर्व माणसं समान’ असं निघेल. ते मान्य करायला कुणाची हरकत आहे? तेराव्या शतकातल्या पैठणच्या शास्त्र्यालाही अद्वैताच्या चर्चेत ते मान्य करता आलं असतं. आत्मा एकच आहे असं सांगून झाल्यावर तो घरी जाऊन सोवळ्यात जेवला असता. त्याची अडचण त्या भाकरीपाशी झाली असती. चारही वर्णांच्या घरचं अन्न एकाच झोळीत कालवून नदीकाठी बसून खायचं म्हटल्यावर जन्मभराचे संस्कार पोटातून वर येतात. समतेची परीक्षा तिथे होते. तो नियम तपशील म्हणून बाजूला काढला की समता हा शब्द तेवढा उरतो, आणि त्या शब्दाचा कुणालाच त्रास होत नाही.

म्हणून एखादा शिष्य ‘मी गुरूचं मूळ तत्त्व पाळतो’ असं म्हणतो, तेव्हा मला विचारावंसं वाटतं की त्या तत्त्वानं तुझ्या दिवसातला कोणता तास बदलला? प्रेम, करुणा, सत्य, नामस्मरण, अहंकाराचा त्याग ही नावं इतकी रुंद आहेत की जगातले सगळे गुरू त्यांत मावतात. ज्यात सगळे मावतात, त्यासाठी एका विशिष्ट गुरूच्या पायाशी बसण्याची गरज नव्हती. गुरूचं गुरुपण तो ते तत्त्व या माणसाला, या घडीला, या सवयीला नेमकं कुठे लावतो त्यात असतं. ते लावणं म्हणजेच तपशील.

मग सगळेच तपशील जसेच्या तसे पाळायचे? तेही नाही. महानुभावांच्या ग्रंथांची रचना या प्रश्नाबाबत इतकी काही शिकवते, की केवळ तेवढ्यासाठी ते ग्रंथ वाचावेत असं मी म्हणेन.

चक्रधर उत्तरेकडे निघून गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा केल्या. हे विद्वान पंडित. एकेका प्रसंगासाठी ते त्या वेळी हजर असलेल्या माणसांकडे गेले, विचारून घेतलं, पडताळलं. चक्रधरांमागे पंथाचा भार वाहणाऱ्या नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली रिद्धपूरला 1278च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ तयार झालं. त्यात चक्रधर कुठे बसले होते, समोर कोण होतं, कुणी काय विचारलं, काय खाल्लं, कुणावर रागावले, कशाला हसले, सगळं आहे. पुढे केशिराजांनी, म्हणजे केसोबासांनी, या लीळांतून चक्रधरांची वचनं वेगळी काढली. तो सूत्रपाठ. प्रसंग गेला, माणसं गेली, वाक्य राहिलं. तत्त्व वेगळं करण्याचा मराठीतला हा पहिला मोठा प्रयत्न म्हणता येईल, आणि तो अभ्यासाच्या सोयीसाठी आवश्यकच होता. पाठ करायला, मनन करायला सूत्र लागतं.

पण पंथ तिथे थांबला नाही. केशिराजांनीच ‘दृष्टान्तपाठ’ रचला, त्यात 114 दृष्टान्त आहेत. प्रत्येकाचे तीन भाग: चक्रधरांचं सूत्र, त्यांनीच सांगितलेला दृष्टान्त, आणि तो कशाला कसा लागू पडतो हे सांगणारं केशिराजांचं दार्ष्टान्तिक. म्हणजे सूत्राला पुन्हा अंगरखा चढवला. त्यानंतरच्या भाष्यकारांनी तर ‘प्रकरणवश’ नावाचा ग्रंथप्रकारच उभा केला. त्याचं काम एवढंच, की अमुक सूत्र मुळात कोणत्या प्रसंगी, कुणाला उद्देशून निघालं ते सांगायचं. वाक्य प्रसंगातून तोडल्यावर त्याचा अर्थ भलतीकडे जाऊ लागतो, हे त्या माणसांना अनुभवानं कळलं असणार. नाहीतर एकदा टाकून दिलेला प्रसंग पुन्हा शोधून सूत्राशेजारी मांडायचा खटाटोप कुणी कशाला करील?

एक लीळा घेऊ, शाळेच्या पुस्तकामुळे पुष्कळांना ठाऊक असलेली. चक्रधर झाडाखाली बसले आहेत. शिकारी आणि त्यांचे कुत्रे एका सशाच्या मागे लागले आहेत. ससा येऊन त्यांच्या मांडीखाली शिरतो. शिकारी तो मागतात. शरण आलेल्याला मरणाच्या हाती देता येत नाही, असं चक्रधर सांगतात, त्यांच्याशी बोलतात, आणि ते शिकारीच हिंसा सोडतात. मग चक्रधर मांडी उचलून सशाला जायला सांगतात, आणि सांगताना त्याला ‘महात्मा’ म्हणतात. या लीळेतून तत्त्व काढा म्हटलं तर हिंसा करू नये, शरणागताचं रक्षण करावं, एवढं निघेल. दोन्ही बरोबर. पण पंथातल्या साधूला ज्या शब्दानं हाक मारायची, त्याच शब्दानं एका घाबरलेल्या सशाला निरोप दिला, ही गोष्ट कुठल्याही सूत्रात बसत नाही. माझ्या मते त्या लीळेतलं सर्वांत खोल तत्त्व तिथेच आहे. सारांश करणाऱ्यानं तेच पहिल्यांदा गाळलं असतं.

तेव्हा सूत्र की लीळा, असा पर्याय नसतो. सूत्र हातात घेऊन लीळेकडे परत जायचं, हे कुणाला सांगितलं, त्या माणसाचा आजार कोणता होता आणि तोच आजार आज माझ्यात कोणत्या रूपात आहे, हे पाहायचं. तपशील बदलायचा तर या रस्त्यानं बदलायचा. रात्रपाळी करून सकाळी आठला घरी येणाऱ्या परिचारिकेला पहाटेचा जप जमणार नाही. पण पहाट सांगण्याचं कारण घर जागं होण्यापूर्वीची, कुणाच्या हाका नसलेली वेळ, असं असेल, तर तशी वेळ तिच्या दिवसात दुसरीकडे आहे. ती शोधायला हवी आणि मग तितक्याच निष्ठेनं धरायला हवी. पहाट सुटली म्हणून वेळच सोडून द्यायची, ‘मनात नाम असलं की झालं’ म्हणायचं, यात तपशिलाबरोबर कारणही गेलं.

याच रस्त्यानं चालणाऱ्या माणसाचं चित्र ‘स्मृतिस्थळ’ या पंथाच्या ग्रंथात दिसतं. चक्रधर नाहीत, त्यांचे गुरू गोविंदप्रभूही निवर्तले आहेत, आणि नागदेवाचार्यांवर सगळ्या शिष्यांचा भार आहे. विचारायला कुणी उरलेलं नाही, हातात आठवणी आहेत, आणि समोर म्हाताऱ्या, आजारी, तरुण, हट्टी अशी माणसं आहेत. नागदेव एकाला जी गोष्ट नाकारतात ती दुसऱ्याला देतात, कारण माणूस वेगळा असतो. केशिराज संस्कृतचे जाणकार, त्यांनी ग्रंथरचना संस्कृतात करण्याचं मनावर घेतलं, तेव्हा नागदेवांनी त्यांना आवरलं. आपल्याला चक्रधरांनी मराठीत सांगितलं, आणि ग्रंथ संस्कृतात गेला तर पंथातल्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील, हे त्यांचं कारण. मराठीत लिहा असं चक्रधरांनी सूत्र करून ठेवलं नव्हतं. ते मराठीत बोलले, एवढंच. नागदेवांनी गुरूच्या वागण्यातला तो तपशील उचलला, त्याचं कारण ओळखलं, आणि त्याला आज्ञेचा मान दिला. गुरूनं न सांगितलेली आज्ञा शिष्याला ऐकू यावी, यापेक्षा मोठी गुरुनिष्ठा मला माहीत नाही.

दुर्दैव असं की पुढच्या पिढ्यांनी हेच ग्रंथ सकळ लिपी आणि तशाच आणखी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यांच्यावरही संकटं आली होती. लीळाचरित्राची मूळ पोथीच धाडीत गेली आणि ती आठवणीतून पुन्हा उभी करावी लागली. पवित्र वचन परक्या हाती पडू नये, ही काळजी समजण्यासारखी आहे. पण परिणाम काय झाला? विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मराठीतलं हे आद्य गद्य पंथाबाहेरच्या मराठी माणसाला वाचता येत नव्हतं. भाषा मराठी राहिली, नागदेवांचा शब्द अक्षरशः पाळला गेला. ज्या कारणासाठी तो शब्द होता, ते कारण लिपीच्या कुलपाआड गेलं.

तपशिलांत एक वेगळी जातही असते, तिचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. ‘स्थानपोथी’ नावाच्या ग्रंथात चक्रधर जिथे जिथे राहिले, बसले, जेवले, त्या जागांची नोंद आहे; देवळाचं दार कोणत्या दिशेला, ओटा कुठे, आवार कसं. या नोंदींत पाळण्यासारखं काहीच नाही. त्या आठवण्यासाठी आहेत. गुरू गेल्यावर त्याच्या सहवासाची जागा भरून काढायला प्रेम अशा बारकाव्यांचा आधार घेतं, आणि त्याला हसण्याचा अधिकार कुणालाच नाही. घोटाळा तेव्हा होतो, जेव्हा आठवणीचा तपशील आज्ञेच्या जागी बसवला जातो. गुरू अमुक रंगाची शाल पांघरत, म्हणून शिष्यांनी तीच पांघरावी. गुरूला अमुक पदार्थ चालत नसे, म्हणून तो सर्वांना वर्ज्य. आठवण जपावी, डोळ्यांत पाणी आणून जपावी, पण तिचा नियम करून दुसऱ्याच्या माथी मारू नये.

आता अगदी अलीकडचं, आणि योगायोगानं कानडी मुलखातलंच एक उदाहरण. विजापूरजवळच्या इंचगिरीला भाऊसाहेब महाराज उमदीकरांचं समाधिस्थान आहे. ते 1914 साली गेले. रोज कित्येक तासांचं नामध्यान, ठरलेल्या वेळी भजन, दासबोधाचं वाचन, असा त्यांचा अत्यंत कडक नेम होता. त्यांच्या दोन शिष्यांनी पुढे वेगवेगळ्या वाटा धरल्या. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक गुरुदेव रा. द. रानडे यांनी नाम आणि ध्यान हेच अखेरपर्यंत केंद्रस्थानी ठेवलं, निंबाळला राहून ते आचरलं आणि शिकवलं. सिद्धरामेश्वर महाराजांनी मात्र ध्यानाच्याही पलीकडे जायला हवं असं म्हणायला सुरुवात केली. भाऊसाहेबांची वाट मुंगीची, हळूहळू चढण्याची. सिद्धरामेश्वर पक्ष्याची वाट सांगू लागले, विवेकानं थेट पोचण्याची. गुरुबंधूंनी आक्षेप घेतला, आपल्या महाराजांनी असं कधी शिकवलं नाही. बरोबर होतं त्यांचं. सिद्धरामेश्वरांनी ते नाकारलं नाही. पुढे जाता येतं, एवढंच त्यांचं म्हणणं.

यात कोण चुकलं? मला वाटतं, कुणीच नाही, आणि याचं कारण सिद्धरामेश्वरांनी नेम कसा सोडला त्यात आहे. ध्यानाचा कंटाळा आला म्हणून त्यांनी ते सोडलं नव्हतं. गुरूच्या पश्चात विजापुरात महिनोन्‌महिने त्यांनी ध्यानात घालवले, आणि त्यानंतर ते बोलले. गुरूचा तपशील ओलांडण्याचा अधिकार त्यांनी तो तपशील संपूर्ण पाळून मिळवला. त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज गिरगावात विड्यांचं दुकान चालवत. गुरूनं त्यांना फार थोडं सांगितलं आणि 1936 साली, दीक्षेनंतर तीनच वर्षांत, देह ठेवला. सांगितलं ते एवढंच: ‘मी आहे’ या जाणिवेला धरून राहा, तू स्वतःला जो समजतोस तो तू नाहीस. इतका कमी तपशील असलेला उपदेश पाळणं सोपं असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं तो एक दुपारभर पाळून पाहावा. निसर्गदत्तांनी तो दुकानाच्या गल्ल्यावर बसून पाळला.

यातून मी माझ्यापुरती एक कसोटी काढली आहे. तपशील सोडल्यावर साधना कुठे सैल झाली, ते पाहायचं. गुरूला जी गोष्ट माझ्यात मोडायची होती, तीच नेमकी सैल झाली असेल, तर मी तत्त्वाच्या नावाखाली माझी सोय पाहिली. आणि तपशील धरून ठेवल्यावर माझा ताठा वाढला असेल, मी इतरांचे नेम मोजू लागलो असेन, तर धरूनही मी तो सोडलाच. सवलत देताना नागदेवांसारखं दुसऱ्याच्या बाजूनं उदार असावं. स्वतःला द्यायच्या सवलतीबद्दल मात्र दुसऱ्या कुणाला तरी विचारावं, कारण तिथे आपली बुद्धी वकिलाची असते.

या सगळ्यात एक गृहीत आहे, ते म्हणजे गुरूच्या आज्ञेला कारण असतं आणि ते विचारता येतं. आज कित्येक ठिकाणी हेच उरलेलं नाही. आश्रमात कुणी कधी यायचं, कुणाशी बोलायचं, किती द्यायचं, मुलीचं लग्न कुठे करायचं, असे तपशील आज्ञा म्हणून येतात, आणि कारण विचारणं हाच अहंकार ठरवला जातो. अशा आज्ञांतली पुष्कळ कारणं तपासली तर ती गुरूच्या सोयीपाशी, त्याच्या संस्थेपाशी किंवा त्याच्या भीतीपाशी जाऊन थांबतात. गुरू निघून गेल्यावर जी आज्ञा निरर्थक होते, ती शिष्याच्या कल्याणासाठी नव्हतीच. चक्रधर निघून गेले, पण झाडाखाली राहा, मिळेल ते खा, मान मिळेल तिथून उठा, या सांगण्याचा अर्थ त्यांच्या जाण्यानं रतीभरही कमी झाला नाही.

आणि त्यांना कारणं विचारली जात होती. महदाइसा, धवळे रचणारी मराठीची आद्य कवयित्री, त्यांच्या मंडळींत होती. सतत काही ना काही पुसणारी, चर्चा करणारी म्हातारी म्हणून पंथाचे ग्रंथ तिचं कौतुक करतात. विटाळासारख्या ज्या विषयावर त्या काळात तोंड उघडणं अवघड, त्यावरही चक्रधरांनी बायकांना कारण देऊन सांगितलं: देहातून जसे इतर मळ वाहतात, तसाच हा एक वाहतो, त्यात शिवाशिव मानण्यासारखं काही नाही. त्यांनी नुसतं ‘विटाळ मानू नका’ म्हटलं असतं तरी आज्ञा झालीच असती, आणि ती कदाचित त्या पिढीबरोबर संपली असती. कारण दिल्यामुळे ती विचार करणाऱ्या बाईच्या हातात आली. सासूसमोर, भटजीसमोर, स्वतःच्या भीतीसमोर तिला ती वापरता आली. सत्संग संपल्यावर प्रश्नांसाठी जिथे वेळ ठेवलेला नसतो, तिथे माईक बंद होण्यापूर्वी एखाद्या महदाइसेनं उठून ‘हे का सांगितलं, महाराज?’ असं विचारावं, आणि महाराजांनी खाली बसून तिला उत्तर द्यावं.